गाडी आत जाईल

“तुम्ही तिकडं नका बसू बाई. ड्रायव्हर-कंडक्टरची सोय आत, पडद्यामागं,” वेटर म्हणाला आणि माझ्याकडची तिकिटांची पेटी घ्यायला त्यानं हात पुढे केला. पेटी मी दिली नाही. पडदा सारून आत मात्र गेले.

आत कूलर चालू होता. आमचे ड्रायव्हर पठाणचाचा हात धुऊन आधीच बसले होते. त्यांच्यापुढं पनीरची भाजी, तूप लावलेल्या चपात्या आणि वाटीत गुलाबजाम असं ताट आलंही होतं. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या गाडीचे दोघं तसंच जेवण आटोपून बडीशेप चघळत होते.

पुण्याच्या लांबच्या गाडीवरचा माझा तो पहिला दिवस. त्याआधी मी खेड्यापाड्यांच्या फेऱ्या करायचे. नोकरी अजून रोजंदारीवरच होती, कायम झाले नव्हते. नवरा अपघातात गेल्यापासून घरात कमावणारी मी एकटी. मुलगी शाळेत जायची, तिला माझी आई सांभाळायची. कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही, असं मी ठरवूनच या रूटवर आले होते.

जेवण चांगलं होतं. उठताना मी वेटरला विचारलं, “किती झाले?”

तो चाचांकडं बघून हसला. “बाई नवीन दिसतात.”

“खाकीवाल्यांना बिल नसतं इथं,” चाचा हळू आवाजात म्हणाले. “बापूसाहेब मोहित्यांचं हॉटेल आहे. आपण गाडी थांबवायची, जेवायचं, निघायचं. सगळेच करतात.”

मी पैसे ताटाखाली ठेवून बाहेर पडले. बाहेर आमचे प्रवासी भिंतीवरच्या दरांच्या पाटीखाली माना वर करून उभे होते. काहीजणांनी पाटी वाचली आणि पुन्हा गाडीकडं वळले. एक बाई दोन पोरींच्या मध्ये एक वडापाव तोडून देत होती, स्वतः काही खात नव्हती. कोपऱ्यात पाण्याचा नळ होता, पण त्याची चावी काढून घेतलेली. “पाणी पाहिजे तर बाटली घ्या,” गल्ल्यावरचा माणूस प्रत्येकाला सांगत होता.

गाडी सुटायच्या आधी वेटर पळत आला आणि मी ठेवलेले पैसे खिडकीतून माझ्या मांडीवर टाकून गेला.

दारामागच्या सीटवर एक म्हातारी बसली होती. पायाशी गोधड्यांचं गाठोडं. तिचं नाव धुरपताबाई. गोधड्या शिवून पुण्यात विकायला न्यायची, म्हणून सगळे ड्रायव्हर-कंडक्टर तिला ओळखत होते. ती हॉटेलात उतरलीच नव्हती.

“मावशी, काही खाल्लं नाही?”

“बाई, तुमी नव्या हाव म्हनून सांगते,” ती म्हणाली. “ही गाडी बोरवंडीची. पाटीवर बोरवंडी लिवलंय, टिकिटाचं पैसं बोरवंडीवरनं जायाचं घेता. मग बोरवंडी कुटं गेली?”

“मागं राहिली. बायपास झालाय ना.”

“बायपास गाडीला झाला. आमच्या पोटाला कुटला बायपास?” ती म्हणाली. “स्टँडापुढं कावेरीची खानावळ हाय अजून. भाकरी, आमटी, ठेचा. पोटभर खाऊन मानूस घरला दोन पैसं नेत हुता. आता गाडी हितं आनून उभी करता आन् म्हनता, खा.”

गाडी चालू झाल्यावर मी इंजिनाजवळ जाऊन चाचांना विचारलं, “चाचा, आपला थांबा कुठला आहे हो? खरा?”

“खरा म्हणजे?”

“कागदावरचा.”

त्यांनी आरशात बघितलं. “बोरवंडी स्थानक. अर्धा तास.”

“मग आपण आत का जात नाही?”

“आतला रस्ता अरुंद. बाजाराच्या दिवशी गाडी फसते.” त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, “आणि आत गेलं की आपल्याला जेवणाचे द्यावे लागतात. एवढंच आहे ते, बाई.”

पुढच्या खेपेला मी घरून डबा नेला आणि पडद्याआड गेले नाही. गाडीतच बसून खाल्लं. गाडीत खाणारी मी एकटी नव्हते. कुणी कोरडी चपाती मोडत होतं, कुणी बिस्किटांचा पुडा, कुणी नुसतंच खिडकीबाहेर बघत होतं. हॉटेलात गेलेल्यांपैकी एकजण परत आला तो बडबडतच. दोन चहांचे पैसे ऐकून त्याचं डोकं फिरलं होतं.

त्यानंतरच्या फेरीला बोरवंडीचा फाटा दिसायला लागला, तशी मी घंटेची दोरी एकदा ओढली. चाचांनी गाडी कडेला घेतली.

“कोण उतरतंय?”

“कुणी नाही. गाडी आत घ्या, चाचा.”

ते मागं वळून माझ्याकडं बघत राहिले.

“बाई, माझी पेन्शन जवळ आलीय. बापूसाहेब पंचायत समितीचे सभापती आहेत. तुम्ही तर अजून कायमही नाही.”

“मला माहितीय. पण गाडीवर पाटी बोरवंडीची आहे. उद्या कुणी विचारलं, गाडी आत का नेली, तर मी उत्तर देईन. का नेली नाही म्हणून विचारलं, तर माझ्याकडं उत्तर नाही.”

चाचांनी गिअर टाकला आणि स्टेअरिंग डावीकडं वळवलं. मागून धुरपताबाई मोठ्यानं म्हणाली, “आता कसं.”

बोरवंडीचं स्टँड बघून माझं मन खट्टू झालं. आवारात गाढवं उभी होती. समोर एका रांगेत शटरं, बहुतेक खाली ओढलेली. एकावर ‘कासिमभाई भजी सेंटर’ अशी फिकी अक्षरं, दुसऱ्यावर इडलीचं चित्र. मध्येच एक मोबाइलचं दुकान, एक झेरॉक्सचं. टोकाला पत्र्याच्या छपराखाली कावेरीबाईंची खानावळ तेवढी उघडी होती. आत बाकावर डी.एड. कॉलेजची चार पोरं आणि दोन हमाल जेवत होते.

गाडीतून माणसं उतरत राहिली तशी चुलीपुढं बसलेली बाई उठून उभी राहिली. पन्नाशीची, काटक, मनगटापर्यंत पिठात माखलेली.

“गाडी बंद पडली का?” तिनं मला विचारलं.

“नाही. जेवायला आलोय.”

“समदे?”

“सगळे.”

तिनं परातीतल्या पिठाकडं बघितलं, मग आमच्याकडं. “आमटी हाय. पिठलं टाकते. भाकऱ्या येवढ्या एकटीनं व्हायच्या न्हाईत अर्ध्या तासात.”

धुरपताबाईनं गोधड्यांचं गाठोडं बाकावर ठेवलं, पदर खोचला आणि परातीपाशी जाऊन बसली. गाडीतली आणखी एक बाईही तिच्या मागोमाग गेली. मग आणखी दोघीजणी. कावेरीबाईंनी दुसरी चूल पेटवली. हमालांनी आपली ताटं उचलून बाक रिकामा केला आणि उभ्यानं जेवण संपवलं. कॉलेजच्या पोरांनी माठातलं पाणी वाढायला घेतलं. पुण्याला मुलाखतीला निघालेला एक इस्त्रीच्या शर्टातला तरुण कांदे फोडायला बसला आणि डोळे पुसत राहिला. येसर मसाल्याच्या आमटीचा वास स्टँडभर पसरला. त्या अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला, पण गाडीतलं कुणी घड्याळाकडं बघितलं नाही.

मी आणि चाचा शेवटी बसलो. जेवण झाल्यावर मी पैसे काढले. कावेरीबाईंनी ते घेतले, सुटे परत दिले. चाचांनीही खिशात हात घातला.

“पयल्यांदी वाटलं, तुमी फुकट मागाल,” कावेरीबाई म्हणाल्या. “मागितलं असतं तर दिलं नसतं. दोघांला फुकट वाढायचं म्हनलं की ते बाकीच्याच्या ताटातनं काढावं लागतं. मोहित्यानं तेच केलं.”

चाचा खाली बघून हात पुसत राहिले.

“ही पोरं बघा,” त्या कॉलेजच्या मुलांकडं मान करून म्हणाल्या. “ह्यांला हाय त्या भावात जेवू घालता येतं, कामून की भांडं मोठं चढतं. गाड्या यायच्या बंद झाल्या तसं भांडं अर्ध्यावर आलं. अर्ध्या भांड्याला भाव वाढवावा लागतो. भाव वाढवला की ही येत न्हाईत. मग ते अर्ध्याचं पाव हुतं. कासिमचं तसंच झालं, इडलीवाल्याचं तसंच. मी आमुशा झाली की शटर वडनार हुते.”

“थांबा थोडं,” मी म्हणाले. “पुढच्या फेरीला आम्ही येऊ.”

बोलून तर गेले. पुढच्या फेरीची ड्यूटी मला मिळेल की नाही, हेही मला माहीत नव्हतं.

ड्यूटी मिळाली. मात्र बातमी आमच्या आधी पोचली होती. फाट्यावरून आत वळणाऱ्या रस्त्यावर एक जीप आडवी उभी होती. बॉनेटला टेकून बापूसाहेबांचा पुतण्या रणजित आणि आणखी तीन-चार जण. चाचांनी गाडी थांबवली. समोर, हाकेच्या अंतरावर, बापूसाहेबांच्या ‘हॉटेल राजवैभव’ची कमान दिसत होती.

मी उतरून गेले.

“आतला रस्ता बंद आहे,” रणजित म्हणाला. “काम चालू आहे.”

“कुठं चालू आहे?”

“चालू होणार आहे. तोपर्यंत गाडी हॉटेलवर लावा. तुमचं ताट वाढून ठेवलंय ताई. काही कमी असेल तर सांगा, काकांनी मुद्दाम विचारलंय.”

“आम्हाला आत जायचंय.”

“मग जा की,” तो हसून म्हणाला. “गाडी जाणार नाही.”

भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. आईचा चेहरा, मुलीची फी, डेपोतल्या लोकांच्या नजरा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण त्याच्या हसण्यानं मला एक गोष्ट कळली. जीप गाडीपुढं लावता येत होती. माणसांपुढं लावता येत नव्हती.

मी परत येऊन गाडीच्या दारात उभी राहिले.

“ऐका,” मी म्हणाले. “गाडी अडवलीय. ज्यांना समोरच्या हॉटेलात जेवायचंय त्यांनी खुशाल जावं, मी कुणाला अडवत नाही. बोरवंडी इथून जवळ आहे. मी चालत जाते. जेवून झालं की परत येऊ, मग गाडी सुटेल. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, आजाऱ्यांनी बसून राहावं, त्यांचं जेवण मी घेऊन येईन.”

कुणी जागचं हललं नाही. मला वाटलं, आता हसं होतंय. मग मागून गाठोडं सरकल्याचा आवाज आला.

“मला म्हातारी म्हनली का ती?” धुरपताबाईनं शेजारणीला विचारलं आणि काठी टेकत उतरली.

तिच्या मागं एक लष्करातला जवान सुट्टी संपवून निघालेला, तो उतरला. मग एक मास्तर आणि त्यांची बायको. मग सगळी गाडीच उतरायला लागली. मी पुढं झाले. जीपच्या बाजूनं जाताना रणजितच्या माणसांपैकी एकानं हात आडवा केला. मी थांबले नाही. हात लागायच्या आधी त्यानंच तो मागं घेतला. खाकीतल्या बाईला दिवसाढवळ्या एवढ्या लोकांदेखत ढकलायची त्याची तयारी नव्हती. माझ्या मागून माणसं जीपच्या दोन्ही बाजूंनी निघाली, जशी दगडाच्या दोन्ही अंगांनी पाणी जातं तशी. धुरपताबाई जीपशी थांबली, बॉनेटवर हात ठेवून तिनं दम खाल्ला आणि रणजितला म्हणाली, “लेकरा, तू जेवलास का?”

त्यानं मोबाइल काढून कानाला लावला.

रस्त्यानं चालताना आम्ही कसे दिसत असू, देव जाणे. शेतात निंदणाऱ्या बायका उभ्या राहून बघत होत्या. कुणीतरी विचारलं, “मोर्चा कशाचा हाय?” लष्करातला जवान म्हणाला, “भाकरीचा.” सगळे हसले, आणि मग चालणं सोपं झालं.

थोडं अंतर गेलो नसू तोच मागून हॉर्न ऐकू आले. भाजीचा टेंपो, उसाचा ट्रॅक्टर, लग्नाहून परतणारी एक जीप, सगळे फाट्यावर अडकले होते आणि रणजितच्या नावानं शंख करत होते. रिकामी एसटी अडवून धरण्यात काही राम राहिला नव्हता, शेवटी त्यानं जीप बाजूला घेतली. आम्ही स्टँडच्या कमानीपाशी पोचलो तेव्हा पठाणचाचांची गाडी हळूहळू आमच्या मागं येत होती, आणि तिच्यामागं टेंपो, ट्रॅक्टर, सगळेच.

या खेपेला कावेरीबाईंनी पीठ जास्त मळून ठेवलं होतं. पहिली पंगत बाकांवर, खाली अंथरलेल्या पोत्यांवर बसली. दुसरीची माणसं उभी होती तेवढ्यात बापूसाहेब स्वतः आले. पांढरे कपडे, आवाज शांत. सगळे जेवायचे थांबले.

“जेवा, जेवा,” ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “बाई, नोकरी कायम झाली का तुमची?”

“नाही.”

“मग?”

“मग काय, साहेब. गाडी आत येणार.”

त्यांनी मान हलवली, जणू काही मी हवामानाबद्दल बोलले होते. मग ते चुलीजवळ गेले. “कावेरीबाई, या वयात धूर कशाला खाता? माझ्या हॉटेलात या. गॅस आहे, हाताखाली माणसं देतो, महिन्याला पगार. तुमच्या हातची भाकरी तिथं चालेल.”

“चालंल की,” कावेरीबाई म्हणाल्या. त्यांचे हात भाकरी थापतच होते. “पन मग ही पोरं, हे हमाल, तहसीलात खेटे घालनारी मानसं, हे कुटं जेवतील? तुमच्याकडं?”

बापूसाहेबांनी पंगतीवरून नजर फिरवली.

“तुमी जेवायला आला असाल तर वाढते. पर जागा न्हाई आत्ता. थांबावं लागंल.”

बापूसाहेब थांबले. खरंच थांबले, थोडा वेळ. पंगतीतलं कुणी उठेल, जागा करून देईल, अशा बेतानं त्यांनी इकडंतिकडं बघितलं. सगळे जेवत होते. मास्तरांनी आणखी थोडी आमटी मागितली. त्यांच्या बायकोनं कांदा मागितला. शेवटी धुरपताबाई पोत्यावर थोडी सरकली आणि म्हणाली, “बसा हितं, सायेब. मी बारीक हाय.”

ते वळले आणि गेले.

आठवड्याच्या आत मला डेपो मॅनेजरांनी बोलावलं. तक्रार होती की मी प्रवाशांना भडकवलं आणि गाडीला उशीर केला.

“उशीर झाला,” मी म्हणाले. “तो माझ्याकडं धरा. गाडी बोरवंडीला नेली, ती मात्र नेमून दिल्याप्रमाणं नेली.”

ते वाईट माणूस नव्हते. कपाळ चोळत म्हणाले, “मला फोन येतात, बाई.”

मी पुन्हा खेड्यांच्या फेऱ्यांवर आले. कायम व्हायला माझ्याबरोबरच्यांपेक्षा उशीर लागला, आणि त्या काळात आईनं मला पुष्कळ ऐकवलं. मी ऐकून घेतलं. चूक झाली असं मात्र तिच्यापुढंही म्हटलं नाही.

माझ्या जागी आलेला कंडक्टर पडद्यामागं जेवायला सरावलेला होता. पहिल्याच दिवशी त्यानं फाट्यावर सरळ चला म्हणून सांगितलं. गाडीतली माणसं ओरडायला लागली, आणि पठाणचाचांनी त्याला विचारलंही नाही, गाडी वळवली. हे मला चाचांनीच डेपोच्या कँटीनमध्ये सांगितलं, निवृत्त व्हायच्या आधी. हळूहळू दुसऱ्या डेपोंच्या गाड्याही आत जायला लागल्या. सगळ्या नाही. काही आजही बायपासवरच थांबतात.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुलीला घेऊन मुद्दाम बोरवंडीला गेले. कासिमभाईंचं शटर उघडं होतं आणि ते भज्यांचा घाणा तळत होते. कावेरीबाईंनी पत्र्याचं छप्पर पुढं वाढवलं होतं. आम्ही जेवत असताना एक टेंपोवाला आला आणि त्यानं बातमी दिली, ‘राजवैभव’वर नवी पाटी लागलीय. ताट आता कावेरीबाईंच्याच भावात, वर पाणी फुकट.

मला काळजी वाटली. म्हटलं, “आता काय करायचं, कावेरीबाई? त्यानं तुमच्याइतकाच भाव केला.”

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, फडक्यानं कडा दाबल्या.

“म्हंजी आधीबी परवडतच हुतं की त्याला,” त्या म्हणाल्या आणि दारात उभ्या असलेल्या माणसांना हाक मारली, “या, दोघांची जागा झालीय.”